पितळेची मोड

गेल्या दिवाळीआधी सायवनच्या घराची कौलं उतरवून पत्रे घालायचं काम निघालं आणि माळ्यावरचं सगळं अंगणात आलं. बाबांनी जपून ठेवलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, फुटक्या काचेचा कंदील, माझ्या इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंग शीट्स आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. डबा हलवला तर आत खुळखुळलं. बाबा शिडीखालूनच म्हणाले, "तुझी नट-बोल्टं आहेत त्यात. ती बेकायदेशीरवाली."

आत पितळेचे चौदा तुकडे होते. प्रत्येक साधारण अंगठ्याच्या पेराएवढा. बाहेरून एका मापाचे आटे, आतून दुसऱ्या मापाचे, मधोमध एक पिन आणि पिनेभोवती पांढरा वॉशर. सहा-सात वर्षांत पितळ काळं पडलं होतं, पण आटे शाबूत होते. हे सगळे मी केलेले. नोकरीत आजवर लिहिलेल्या कुठल्याही कोडपेक्षा मला ते जास्त आठवतात, आणि त्यातल्या एकाबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ते तुकडे म्हणजे ई-सिगारेटचे अडॅप्टर. ई-सिगारेट हे दिसतं तेवढं गूढ यंत्र नाही. खालच्या भागात बॅटरी, वरच्या भागात तारेचं वेटोळं, त्यात कापूस, कापसात मुरलेला द्रव. बटण दाबलं की तार तापते, द्रवाची वाफ होते, माणूस ती ओढतो. वरचा भाग खालच्या भागावर बल्बच्या होल्डरसारखा पिळून बसतो. मधली पिन पॉझिटिव्ह, बाहेरचे आटे निगेटिव्ह आणि दोघांना एकमेकांपासून दूर ठेवणारा एक इन्सुलेटर. एवढंच.

होन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टने २००३ साली या यंत्राचं आजचं रूप आणलं. नंतर चीनमधल्या अनेक कंपन्या ती बनवू लागल्या आणि प्रत्येकीने आपापल्या मापाचे आटे पाडले. ८०८, ९०१, ५१० ही सगळी मॉडेलची नंबरं. त्यातलं ५१० टिकलं. त्याचे आटे सात मिलिमीटर व्यासाचे आणि अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराचे, म्हणजे फार बारीक. साधारण हार्डवेअरच्या दुकानात सात मिलिमीटरचा टॅप मागितला तर एक मिलिमीटर अंतराचा मिळतो. अर्ध्याचा मागितला की दुकानदार आपल्याकडे बघत राहतो. कुठलीही समिती बसली नाही, कुणी मानक ठरवलं नाही, तरी एका कंपनीच्या एका मॉडेलचा नंबर जगभरच्या आट्यांचं नाव होऊन बसला. आमच्या धंद्यातही असंच होतं. घाईत कुणीतरी लिहिलेली गोष्ट पुढे सगळ्यांचा नियम होते.

कंपनीची बॅटरी लवकर उतरायची म्हणून लोकांनी ती काढून टाकून टॉर्चची नळकांडी वापरायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये २००८ च्या सुमारास हे सुरू झालं आणि अशा घरगुती यंत्रांना 'मॉड' म्हणू लागले. हॉस्टेलवर आम्ही सरळ 'मोड' म्हणायचो. आईला फोनवर एकदा सांगितलं की मी मोड बनवतो. ती म्हणाली, "मटकीला आणायचेत का? ओल्या फडक्यात बांधून ठेव."

मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो, २०१५ ते २०१९. दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर या प्रकाराची साथ आली. कुणाचा मामा दुबईहून आणायचा, कुणी मुंबईत पानपट्टीवर घ्यायचं. कुणाकडे बॅटरी चांगली पण वरचा भाग गेलेला, कुणाचं उलट, आणि दोघांचे आटे जुळायचे नाहीत. मी स्वतः ओढत नव्हतो. घरात विडीचा धूर एवढा गिळला होता की इच्छाच उरली नव्हती. पण न जुळणाऱ्या दोन वस्तू समोर दिसल्या की मला स्वस्थ बसवत नाही.

हे मी सायवनमध्येच शिकलो असेन. आमच्याकडे तीन पिनांचा प्लग आणि दोन भोकांचं सॉकेट ही नेहमीची जोडी. मग दोन पिना आत आणि अर्थिंगची जाड पिन बाहेर लोंबत. प्लगच नसेल तर वायरची टोकं सोलायची, भोकात घालायची आणि काडीपेटीच्या काड्या खोचून घट्ट करायची. पंखा फिरतो, मोबाइल चार्ज होतो, सगळं चालतं. वगळलेलं असतं ते फक्त अर्थिंग, आणि ते वगळलंय हे कधी जाणवत नाही.

सुरुवातीचे अडॅप्टर मी मेलेल्या यंत्रांतून केले. एका निकामी बॅटरीचं ५१० चं तोंड करवतीने कापायचं, दुसऱ्या निकामी यंत्राचं ८०८ चं तोंड कापायचं, दोघांच्या मध्ये पितळी नळीचा तुकडा घालून डाग द्यायचा. डाग देताना आतला इन्सुलेटर वितळू नये म्हणून भोवती ओलं फडकं गुंडाळायचं. मग मल्टीमीटर लावायचा. पिन ते पिन वाजला पाहिजे, बाहेरचं अंग ते बाहेरचं अंग वाजला पाहिजे, आणि पिन ते अंग मात्र अजिबात वाजता कामा नये. ही तिसरी चाचणी खरी. पहिल्या दोन चुकल्या तर यंत्र चालत नाही, एवढंच. तिसरी चुकली तर बॅटरी स्वतःलाच जोडली जाते.

सुटीत घरी आलो की मी बोईसरला एमआयडीसीतल्या एका लेथवर जाऊन बसायचो. तिथले टर्नर काका बाबांचे माजी विद्यार्थी. बाबा सायवनजवळच्या एका आश्रमशाळेत गणित शिकवायचे, त्यांचे विद्यार्थी तलासरी, उंबरगाव, वापी, बोईसर सगळीकडे सापडतात. काकांनी मला पितळेच्या दांड्यावर एका टोकाच्या हत्याराने आटे कसे काढायचे ते दाखवलं. "गुरुजींचा मुलगा म्हणून मशीनला हात लावू देतो, नाहीतर इंजिनिअरला लेथपासून लांब ठेवलेलं बरं," असं ते दरवेळी म्हणायचे. हे कशासाठी चाललंय ते त्यांनी विचारलं नाही. मी टॉर्चचं काहीतरी आहे म्हणालो, आणि ते अर्धं खरं होतं.

कारण सगळ्यात मोठं काम मी बाबांसाठी काढलं होतं. बाबा दिवसाला दोन बंडलं विड्या ओढायचे. शाळेत नाही, पण शाळा सुटल्यावर ओटीवर बसले की एकीवर एक. रात्रीचा खोकला मला पुण्यातसुद्धा ऐकू यायचा असं मी तेव्हा मित्रांना सांगायचो, थोडं नाटकी करून. वाफ धुरापेक्षा बरी असं त्या काळात मला ठामपणे वाटत होतं. आज तसं ठामपणे म्हणणार नाही, पण विडीच्या तुलनेत अजूनही वाटतं.

घरात एक चिनी टॉर्च होता, सिल्व्हासाहून आणलेला. अॅल्युमिनियमचं नळकांडं, आत १८६५० नावाचा सेल. या नावात तरी अर्थ आहे. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचा शून्य म्हणजे गोल नळीचा आकार. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असेच सेल असतात. टॉर्चचं डोकं पिळून काढायचं आणि त्या जागी माझा अडॅप्टर बसवायचा. बाहेरून टॉर्चच्या डोक्याचे आटे, आतून ५१०. टॉर्चच्या नळीवर काळा मुलामा असतो, त्यातून वीज जात नाही. म्हणून आट्यांवरचा मुलामा पॉलिश पेपरने घासून काढावा लागला. मागचं बटण फार करंट सोसणारं नव्हतं, म्हणून तार मुद्दाम दोन ओहमची ठेवली. ४.२ व्होल्ट भागिले दोन, म्हणजे दोन अँपिअरच्या थोडंसं वर. बाबांनी वहीच्या मागच्या पानावर हा भागाकार स्वतः करून पाहिला आणि मगच यंत्र हातात घेतलं.

ही २०१८ च्या दिवाळीची गोष्ट. बाबांनी आठवडाभर ते ओढलं. संध्याकाळी ओटीवर शेजारपाजारचे लोक बघायला जमायचे. टॉर्चला तोंड लावून बसलेले गुरुजी हे दृश्य सायवनला नवीनच होतं. शेजारच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याने एक झुरका घेतला, खोकला आणि म्हणाला की आंब्याचा वास येतो, पण आंबा खाल्ल्यासारखं वाटत नाही आणि तंबाखू ओढल्यासारखंही नाही. बाबांचा निकालही साधारण तसाच. "वाईट नाही. पण लाइट गेली की हे बंद, आणि लाइट गेली की मला विडी जास्त लागते." मी पुण्याला परतलो. फोनवर विचारलं की ते म्हणायचे, "हो हो, चालू आहे."

पुण्यात मात्र धंदा जोरात होता. दोनशे रुपयाला एक. चौथ्या वर्षाला आमच्या रूममेटने मुंबईहून एक भारी नळकांडं आणलं, तांब्याचं, निव्वळ यांत्रिक. म्हणजे आत कुठलंच सर्किट नाही. टॉर्चच्या डोक्यात एक छोटं सर्किट असतं, ते करंट मर्यादेत ठेवतं. या नळकांड्यात सेल, पिन आणि तार यांच्या मध्ये काहीच नाही, जे काही सांभाळायचं ते माणसाने सांभाळायचं. आणि त्याची तार ०.३ ओहमची. म्हणजे चौदा अँपिअर. त्याला जुना टँक बसवायला अडॅप्टर हवा होता. माझ्याकडचा टेफ्लॉनचा दांडा संपला होता. बोईसरला जाईपर्यंत थांब म्हणता आलं असतं. मी निळ्या बॉलपेनच्या नळीचा तुकडा कापला, पिनेभोवती घट्ट बसवला, मल्टीमीटर लावला. तिन्ही चाचण्या पास. त्या आठवड्यात मी असे दोन अडॅप्टर केले.

मल्टीमीटर थंड वस्तूची चाचणी करतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लक्षात घ्यायचं नव्हतं. टेफ्लॉन अडीचशे अंश सहज सोसतं. पेनचं प्लास्टिक त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. जानेवारी २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या जीन्सच्या खिशात, पाच-सहा झुरक्यांनंतर, तापलेलं प्लास्टिक दबलं असणार, पिन तिरकी होऊन अंगाला टेकली असणार आणि बसताना बटण दाबलं गेलं असणार. असणार म्हणतोय, कारण मी तेव्हा लेक्चरला होतो. मांडीवर तळहाताएवढं भाजलं. दोन महिने ड्रेसिंग. डॉक्टरांना आणि रेक्टरना त्याने सांगितलं की पॉवर बँक फुटली. माझं नाव घेतलं नाही. मलाही काही बोलला नाही, फक्त हॉस्पिटलमध्ये मी त्याच्याजवळ बसलो होतो तेव्हा म्हणाला, "तुझं ते रूममधलं सामान हलव."

मी हलवलं. आणि हलवताना, डब्यात तुकडे टाकताना, डोक्यात आलं की पेनच्या नळीचे दोन केले होते. एक त्याचा. दुसरा कुठाय? डब्यात नव्हता. डिसेंबरात दोन दिवस घरी गेलो होतो तेव्हा बाबांच्या टॉर्चचे आटे सैल झालेले म्हणून मी अडॅप्टर बदलून दिला होता. तो आधीच्या टेफ्लॉनच्या ढिगातला होता की त्या आठवड्यातला? तारखा जुळवून पाहिल्या. कधी पेनचा वाटायचा, कधी नाही. बाबांची तार दोन ओहमची, करंट कमी, तेवढं तापणार नाही, असं स्वतःला समजावलं. पण आत तोच सेल होता, आणि शॉर्ट झाल्यावर सेल तार किती ओहमची आहे ते विचारत नाही. आदल्याच वर्षी मे महिन्यात फ्लोरिडात असं यंत्र फुटून एक माणूस मेला होता. ती बातमी हॉस्टेलवर आम्ही सगळ्यांनी वाचली होती आणि वाचून सोडून दिली होती.

सायवनला फोन लागेना. तिथे रेंज अशीही देवाच्या भरवशावर. आणि त्यात ते दिवस भूकंपाचे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात धक्के सुरू झाले होते. धुंदलवाडीचं नाव तेव्हा रोज बातम्यांत असायचं, आणि ते आमच्यापासून काही लांब नाही. शुक्रवारी, १ फेब्रुवारीला, एका दिवसात एकामागून एक धक्के बसले, त्यातला मोठा ४.१ चा. मित्र येऊन विचारत होते, घरी सगळे ठीक ना? आणि मी भूकंपाचा विचारच करत नव्हतो. मला दिसत होते टॉर्च तोंडाला लावलेले बाबा.

रात्रीची गाडी पकडून सकाळी चारोटी नाक्याला उतरलो. तिथून कासा, कासाहून जीपच्या मागच्या दांडीला लटकून सायवन. रस्त्याकडेला घराघरांसमोर ताडपत्र्या, खाली गोधड्या, भांडी, कोंबड्या. सरकारी तंबू काही ठिकाणी पोचले होते, काही ठिकाणी नाही. आमच्या अंगणातही बांबूवर ताडपत्री टाकलेली. आई चुलीपाशी. घराच्या विटांच्या भिंतीला कोपऱ्यात तडा, शेजारच्या पाड्यावरची कुडाची घरं मात्र जशीच्या तशी. बाबा शाळेतल्या पोरांना बघायला गेले होते. "बाबा ते ओढतात का अजून?" मी दारातूनच विचारलं. आईला आधी कळलंच नाही मी कशाबद्दल बोलतोय.

टॉर्च ताडपत्रीच्या मधल्या बांबूला सुतळीने बांधलेला होता. डोकं परत बसवलेलं. टॉर्चचा टॉर्च. रात्री सगळे बाहेर झोपतात, विंचू-साप बघायला उजेड लागतो, म्हणून पहिल्या मोठ्या धक्क्यानंतर बाबांनी माझा अडॅप्टर पिळून काढला आणि मूळ डोकं पिळून बसवलं. ओढणं त्याच्याही आधी बंद झालं होतं, मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नव्हतं. संध्याकाळी ते आले, टॉर्चखाली बसले आणि विडी पेटवली. आयुष्यात पहिल्यांदा तो वास मला चांगला वाटला.

अडॅप्टर देव्हाऱ्याखालच्या खणात होता. मी पिनेभोवती पाहिलं. निळा.

ते मी कुणाला सांगितलं नाही. तो तुकडा डब्यात टाकला आणि डबा माळ्यावर ठेवला.

पुढचं लवकर सांगून टाकतो. जून २०१९ ला मी नोकरीला लागलो. १८ सप्टेंबरला केंद्र सरकारने ई-सिगारेटवर बंदीचा अध्यादेश आणला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला. बनवणं, विकणं, आणणं, नेणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळं बंद. बनवण्या-विकण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मी तो कायदा मुळातून वाचला, कारण त्यात उत्पादनाची व्याख्या करताना ई-सिगारेटचा कोणताही सुटा भागही धरलेला आहे. म्हणजे मी. ज्यांच्याकडे साठा आहे त्यांनी तो आपणहून जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावा, असंही होतं. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग जा कासाला डबा घेऊन. साहेब विचारतील हे काय, तर सांग की हे सिगारेट आहे. ते तुला चहा पाजून परत पाठवतील." मी गेलो नाही.

हॉस्टेलवरच्या बऱ्याच जणांना ही बंदी ढोंगी वाटली, विड्या-सिगारेटी राजरोस विकायच्या आणि हे बंद. मुद्दा खोटा नाही. सायवनच्या प्रत्येक टपरीवर बंडलं टांगलेली असतात, त्यावर इशाऱ्याचं चित्र असतं आणि चित्राकडे कुणी बघत नाही. पण आज ऑफिसखाली गल्लीत बावीस-तेवीस वर्षांची पोरं चोरून आणलेली रंगीत वापरा-नि-फेका यंत्रं ओढताना दिसतात. त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात विडीला हात लावलेला नसतो, आणि मग माझी बाजू डळमळते. माझ्यापुरतं सांगायचं तर मला कायद्याने थांबवलं नाही. थांबलो होतो आधीच, आणि ते काही फार नैतिक कारणाने नव्हतं.

नोकरीतही मी हेच करतो, हसू नका. एका बँकेची जुनी यंत्रणा आणि एका नव्या कंपनीची सेवा यांच्या मध्ये बसणारा कोड लिहितो. आमच्या धंद्यात या रचनेला अडॅप्टरच म्हणतात. १९९४ साली चौघांनी मिळून लिहिलेल्या एका प्रसिद्ध पुस्तकात तिला ते नाव आहे. मी रिव्ह्यूला बसलो की ज्युनिअर पोरं वैतागतात. टेस्ट पास आहेत, तरी हा विचारतो की लोड आल्यावर काय होईल, समोरच्याने उत्तरच दिलं नाही तर काय होईल. एकीने एकदा तोंडावर विचारलं, "तुम्हाला प्रत्येक ठिकाणी आग का दिसते?" मी म्हटलं, सवय.

रूममेट हैदराबादला असतो. वाढदिवसाला आम्ही एकमेकांना मेसेज करतो. त्याच्या लग्नात गेलो होतो. त्या मांडीबद्दल आम्ही कधी बोललो नाही. दोनदा मी मेसेज लिहून पुसलाय.

तर दिवाळीआधी डबा हातात आला. पत्र्यांच्या कामाचं जुनं लोखंड घ्यायला कासाहून भंगारवाला टेम्पो घेऊन आला होता. आपल्याकडे पितळ मोडीत काढतात, त्याला भाव असतो. बाबांनी डबा उचलून त्याच्या काट्यावर उपडा केला. मी थांबवलं नाही. त्याने एकेक तुकडा कानशीने घासून पाहिला. तीन बाजूला काढले, त्यांवर निकेलचा मुलामा होता, आत पितळ आहे की लोखंड ते चुंबक लावून बघितलं आणि परत ढिगात टाकले. मग एक माझ्याकडे सरकवला. "यात प्लास्टिक आहे. पांढरं चालेल, वजन नाही त्याला. पण हे निळं वितळून चिकटलंय. काढून द्या."

म्हणजे बाबांनी ओढलं तेवढ्यातही ते वितळायला लागलं होतं. इतकी वर्षं मी मानून चाललो होतो की दोन ओहमला काही होत नाही.

मी बाबांचा सांडशीसारखा पक्कड घेतला, ओट्यावर बसलो आणि प्लास्टिक खरवडून काढायला लागलो. बाबा शेजारी बसून बघत होते. आता ते दिवसाला चार विड्या ओढतात, म्हणजे आईसमोर चार.

"हा त्या टॉर्चचा ना?" ते म्हणाले.

"हो."

"मग त्यात निळं कुठून आलं? आधीचा पांढरा होता."

मी त्यांना सांगायला सुरुवात केली.